ठसा

रात्री पावणेदहाला, सातपूरच्या ऑफिसात,
नवा सर्व्हर मला विचारतो :
या यंत्राची ओळख पटलेली नाही. पुढे जायचं?
खाली त्रेचाळीस अक्षरांचा ठसा,
अर्थ नसलेला, कुणीतरी गोंदून ठेवल्यासारखा.

सगळे 'हो' लिहितात. मीही लिहिलंय वर्षानुवर्षं,
तिकीट न बघता खिशात कोंबावं तसं.
आज का कोण जाणे, बोट थांबलं.

गायधनींना फोन लावला. ते जेवत होते.
"तुमच्याकडचा ठसा वाचून दाखवा."
"आत्ता?"
"आत्ताच."
खुर्ची सरकली, नळ वाजला, चष्मा सापडेना,
आणि मग :
मोठा क्यू. छोटा एक्स. सात. तिरकी रेघ.
मोठा व्ही, वणीचा व्ही, डब्ल्यू नव्हे.
मी पडद्यावर बोट ठेवून मागोमाग.
एकतिसाव्याला ते अडखळले.
"शून्य की ओ?"
"थांब... ओ. ओझरचा ओ."
माझा श्वास तेवढा वेळ ओझरलाच थांबलेला.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, एकोणतीस वर्षं.
रोज सुटताना झडती.
गेटवरचा शिपाई आमच्याच गल्लीतला,
माझ्या बारशाला जेवून गेलेला,
तरी हात वर करायचे, डबा उघडून दाखवायचा.
मला राग यायचा. त्यांना नाही.
म्हणायचे, त्याने मला एकदा जरी तसंच सोडलं असतं,
तर दुसऱ्या दिवसापासून
मीच त्याच्याकडे संशयाने पाहिलं असतं.

जुळलं. 'हो' लिहिलं.
आता मर्ज.
(या शब्दाचा अर्थ फरहानच्या घरी आजार.
त्याच्या अब्बांना अजून वाटतं
पोरगा दवाखान्याचं काहीतरी बघतो.)

विशाखा खैरनारची ब्रँच हिरवी.
फरहान कोकणीची ब्रँच हिरवी.
एकाही ओळीवर एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर नाही.
संघर्ष शून्य, असं यंत्राने कळवलं.
टाकळीला नासर्डी गोदेला मिळते तिथेही
पाणी पाण्याशी भांडत नाही.
फेस पुढे गेल्यावर दिसतो.

म्हणून आमच्याकडे एक खोटी खोली आहे,
नुसत्या आकड्यांची.
खोटी द्राक्षं, खोटा कॉम्प्रेसर, सहा सेकंदांची रात्र.
मी रात्र सुरू केली.
चौथ्या सेकंदाला लाल.

शोधण्यात तास गेला.
आधी पाच म्हणजे अर्धा अंश असायचा,
दशांशाची कटकट नको म्हणून सुरुवातीला कुणीतरी केलेलं.
विशाखाने ते निस्तरलं : पाच म्हणजे पाच.
जिथे जिथे वापर होता तिथे बदललं, चोख.
त्याच आठवड्यात फरहानने
जुन्या हिशेबात नवा नियम घातला :
पाचावर उतरलं की थंडावा थांबव.
तोही चोख.
दोन खरी वाक्यं एका पानावर आली
आणि पिंपळगावकडच्या बारा हजार पेट्यांचे देठ
तपकिरी पडले, नशीब, खोट्या खोलीत.

दोघांना एकाच फोनवर घेतलं.
विशाखा म्हणाली, "माझं बरोबर होतं."
फरहान म्हणाला, "माझंपण."
मी म्हटलं, "हो."
मग कुणालाच काही सुचेना.
भद्रकालीत कुठेतरी शटर ओढल्याचा आवाज आला.
"ताई," फरहान म्हणाला, "मग हे लाल कुणाचं?"

एक शून्य, एक टिंब. एवढीच दुरुस्ती.
पुन्हा रात्र चालवली. हिरवी.
हिरव्यावर विश्वास बसेना,
म्हणून मुद्दाम ते टिंब काढून पाहिलं.
लाल झाली. तेव्हा कुठे बरं वाटलं.
टिंब जागच्या जागी ठेवून दिलं.

घरी पोचले तेव्हा साडेबारा. बाबा जागे.
"काय चाललं होतं एवढा वेळ?"
"झडती."
त्यांनी काही न बोलता माझा डबा घेतला,
झाकण काढून दिव्याखाली धरला.
"ही पोळी का उरली?"