शुद्धिपत्र

विणकर सोसायटीची स्मरणिका. बारा पानं.
सेक्रेटरी धकाते म्हणाला, यंत्राला सांगितलं,
चहा येईपर्यंत लिहून झालं होतं.
तुम्ही फक्त एक नजर टाका.

चाळीस वर्षं इतवारीच्या छापखान्यांत
लाल पेन घेऊन बसतो आहे.
'विणकर'मधली वि पहिल्या खेपेला ऱ्हस्व
इथं कुणी काढलेली मला आठवत नाही.
ह्यात एकही चूक नव्हती.
तिथंच मानेवर काटा आला.

पान तीन: बासष्टच्या पुरात तांडापेठेतले माग बुडाले.
खाली आधारही होता,
एका जुन्या अहवालाचं नाव, पान दोनशे चौदा.
दुपट्टा गुंडाळून उन्हात सायकल काढली.
ग्रंथालयात अहवाल होता. खरंच होता.
पानं एकशे अठ्ठ्याण्णव.
उगाच मलपृष्ठाआधीचं कोरं पानही उलटून पाहिलं.

आणि पूर तर काय सुरेख लिहिला होता!
पाण्यावर तरंगत चाललेला ताणा,
खड्ड्यातल्या पावडीवर बसलेला बेडूक.
खोडायला हात उचलेना.

पान सात: गिरजाबाई निखारे नावाच्या बाईनं
कांड्या भरणाऱ्या बायकांचा संप केला, सव्वा महिना.
हे मात्र वाचताक्षणीच खोडलं.
कुणालाही आवडेल असं होतं ते.

नाईक तलावामागं हेडाऊ काकाजी राहतात. वय अठ्ठ्याऐंशी.
"पूर? कायचा पूर बाप्पा?
तलाव भरे तेवढा. लेकरं पोहत."
संपाचं विचारलं, तर थांबले.
कूलर घरघरत राहिला.
"झालता. पन निखारे नाही, ते पराते बाई.
अन् सव्वा महिना कुठचा, आठ दिस."
आतून सून म्हणाली,
"मामाजी, मागच्या साली तुम्ही पंधरा सांगून राहिले होते."
"तवा पंधरा आठवत होते," काकाजी म्हणाले.

खोडलेली ओळ मी वहीत परत लिहिली.
शिसपेन्सिलीनं.

निघताना त्यांनी माझा दुपट्टा चिमटीत धरला.
"हातमागाचा म्हणून घेतला? कितीले?"
काठ दाराच्या उजेडात नेला.
"इथं भोकं पाह्यजे होते. टाचन्याईचे, बारीक, ओळीनं.
मानूस कापड ताणून धरते, तं भोकं पडतेच.
हे पाय. कुठीच नाही."
मी आणखी ऐकायला उभा होतो,
ते पाणी प्यायला आत गेले.

धकाते म्हणतो, भाऊ, खरं की खोटं
एवढंच सांगा ना, पत्रिका वाटून झाल्या.
मी समास दाखवला, प्रश्नचिन्हांनी भरलेला.
तीन पानं ठेवली. पूर काढला.
(बेडूक काढताना थोडं वाईट वाटलं.)

पान सात आता असं आहे:
संप झाला होता. दिवस आठ किंवा पंधरा.
पुढे होत्या त्या बाईंचं आडनाव पराते.
पहिलं नाव कळू शकलं नाही.

ही जागा बरी दिसत नाही, धकाते म्हणाला,
यंत्राला विचारू का नाव?

सांगेल ना. लगेच सांगेल.
शोभेलसंच असेल, त्या काळातलं.

डीटीपीवाल्या पोरीला म्हटलं,
आडनावाच्या आधी
तीन बोटं जागा कोरी सोड.