चार एच, सहा बी

मनामातल्या जुन्या मिशनच्या कॉलेजात
चित्रकलेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर,
खाली दवाखाना. टर्पेंटाइन आणि डेटॉल
जिन्यात एकमेकांना भेटतात.

प्रवेशअर्जात धर्माचा रकाना होता.
बाबांनी तो कोरा ठेवला, आणि त्याखाली,
पालकाच्या व्यवसायापुढे, नको तितक्या सुबक अक्षरांत लिहिलं:
ड्राफ्ट्समन, जहाजदुरुस्ती, हिद्द.
परतताना गाडीत एवढंच म्हणाले,
"चित्रंच तर मीही काढतो."

त्यांची पेन्सिल चार एच. टोकदार, थंड,
कागदाला चरा पडतो, बोटाला काळं लागत नाही.
सिस्टर लिओबा पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"सहा बी आणा. हात मळले पाहिजेत."
आणि, "इथे सावली शोधावी लागते,
दुपारी बाराला ती माणसांच्या पायाखाली लपते.
वाकून बघा."

दोन वर्षं वाकून बघते आहे:
प्लास्टरचा पाय, अंगठा तुटलेला,
खजुराची करंडी, खालच्या वॉर्डातली सलाइनची रिकामी बाटली,
आणि दर बुधवारी शफीकुल, रात्रीचा वॉचमन,
जो खुर्चीवर बसल्या बसल्या झोपतो
आणि झोपेत असा दिसतो
की आम्ही खोकतसुद्धा नाही.

त्या बुधवारी तो आला नाही.
ताप, कुणीतरी म्हणालं.
राखेचा बुधवार होता. सिस्टरच्या कपाळावर
राखेचा क्रूस, थोडा नाकावर सांडलेला.
गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात, त्यांनी सांगितलं.
मला परीक्षेच्या सकाळचा अंगारा आठवला,
आईचा अंगठा, तो दाब.
बोलले नाही. कोळशाची कांडी शोधत राहिले.

बाबा न्यायला लवकर आले. दारातच उभे,
हेल्मेट काखेत, कपाळावर त्याचा लाल वळ.
सिस्टरनी खुर्ची दाखवली.
"वीस मिनिटं. हलायचं नाही."
जन्मभर ज्यांनी मोजलं
त्यांना आता अकरा जण एक डोळा मिटून मोजत होते.

मला वाटलं होतं, हा चेहरा पाठ आहे.
उजवा खांदा डाव्याहून खाली
हे कधी पाहिलं नव्हतं,
बोर्डाकडे झुकून झुकून तिथंच राहिलेला.
हात मांडीवर असे,
जणू कुणी थोडा वेळ सांभाळायला दिलेत.
कपाळावरचा वळ रेघेत येईना.
शेवटी कोळसा अंगठ्यावर घेतला
आणि दाबला.

उठून ते माझ्या पाठीशी आले. बराच वेळ गप्प.
"कान पाच मिलिमीटर वर गेलाय."
खिशातून चार एच काढली. मला वाटलं, दुरुस्त करतील.
त्यांनी उजव्या कोपऱ्यात
आराखड्यावर असते तशी बारीक चौकट आखली,
आत लिहिलं: तपासले. व. शं. साटम.
खाली तारीख.

कान तसाच ठेवला.

जिन्यात विचारलं,
"तो रोज बसतो त्याला, ताप किती आहे?"