अनशापोटी

मालखाझ. वय सेहेचाळीस. कुताईसीत रिओनीच्या पुलापाशी पावाची भट्टी.
सव्वाआठला आला, भुवयांवर पीठ तसंच.
सगळ्यांना विचारते तेच विचारलं: पोटात काही?
म्हणाला, थेंब नाही, कण नाही, लामारा,
अनशापोटी आलोय, जन्मलो तसा.
दंडावर भाजल्याचे जुने वण,
शीर मात्र पाहुणे आल्यावर पोर लपावं तशी
कुठेतरी आत.

टेस्टोस्टेरॉन: सात पूर्णांक नऊ.
शेजारी खाली वळलेला बाण.
त्याने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी,
आणि तिकिटाएवढा झालेला तो आकडा
मोज्यात खोचून निघून गेला.

पुढचं मला चियालाकडून कळत राहिलं.
त्याची बायको; आमचा जिना एकच.
मागच्या खोलीत झोपतो म्हणाली, भिंतीकडे तोंड करून.
"वाईट काय त्यात, असं म्हणशील.
पण वीस वर्षं भांडलेला माणूस
एकदम गप्प झालेला पाहिलायस कधी?"

दहाव्या दिवशी मी त्याला जिन्यातच गाठलं.
खरं सांग, त्या पहाटे काय खाल्लंस?
"खाल्लं नाही. चाखलं.
पहिला घाणा निघाला की टोक मोडतो,
मीठ कळायला नको?
मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं."
आणि मध?
"मध थोडा. पाव गरम असतो ना."

मी म्हटलं, बाबा रे,
तोंडात गेलं ते पोटात गेलं, रक्त सगळं मांडून ठेवतं.
साखर चढली की हा आकडा काही वेळ दबून बसतो.
त्यात तू रात्रभर जागा, तुझी सकाळ म्हणजे कुठली?
नीट झोप, न चाखता ये, पुन्हा बघू.
तो चावीने भिंतीचा रंग खरवडत होता.
ऐकलं की नाही, कळलं नाही.

गुरुवारी आला.
दुपारी झोपून उठला होता, भुवया धुतलेल्या, ओठ कोरडे.
पहाटे भट्टी लावून दिली म्हणाला,
पण हात मागे बांधून उभा होतो पावांसमोर,
चोरासारखा.

तेरा पूर्णांक दोन.

पण ते संध्याकाळी कळलं.
त्याआधी सकाळपासूनच गल्लीत बोंब: पाव अळणी!
शाळेच्या बाईंनी चार परत पाठवले.
आंधळा नोदार, जो कधी तक्रार करत नाही,
त्याने विचारलं, भट्टीवाल्याचं कोणी गेलं का?
माझ्या डब्यातही तोच पाव.
चीजचा खारट तुकडा मी त्यात दाबला
आणि यंत्र काय सांगतं ते येईपर्यंत
सावकाश चावत बसले.