शेरा

कळंब्याच्या पलीकडं, माळावरचं लहानसं प्राणिसंग्रहालय.
सकाळचे आठ. वाऱ्यावर गुऱ्हाळाचा वास.
हातात पाच पानी तपासणी-पत्रक,
गळ्यात स्टॉपवॉच.

पिंजरा क्रमांक चार. अस्वल, मादी, वय अंदाजे एकोणीस.
दर तीस सेकंदांनी मान वर करायची,
दिसेल ते लिहायचं.
वाटेल ते नाही.

चालते. चालते. वळते.
चालते. चालते. वळते.
आंब्याखाली अर्धा गुंठा मोकळा पडलाय,
तिकडं तिच्या पावलाची खूणही नाही.
अकरा पावलं, आणि हवेतच काहीतरी नाकाला लागल्यासारखी
मुंडकं फिरवून माघारी.
जमिनीत चाकोरी उमटलीय, बैलगाडीची असते तशी,
फक्त या वाटेला गाव नाही.

"आदीचा पिंजरा तेवढाच हुता," दस्तगीर शिकलगार म्हणतो.
"ह्यो नवा बांदून तीन वर्सं झाली.
तिला अजून कुणी सांगितलं न्हाई."

पाणी स्वच्छ. वजन ठीक. नखं वाढलेली.

नऊ वाजता तो एक ओंडका ओढत आणतो,
गिरमिटानं पाडलेली भोकं, आत काकवी.
पदरच्या पैशाची; हे तो सांगत नाही,
गुऱ्हाळावरचं पोरगं सांगतं.

शेवंता थांबते.
ओठांचा चंबू भोकाला लावून अशी ओढते
की तळ्यावरचे बगळे उठावेत.
खाते. शोधते. ओंडका उलटा करते.
चौदा नोंदी, एकातही 'वळते' नाही.
दोन नोंदींच्या मधे कधीतरी तिनं माझ्याकडं पाहिलं,
ते घड्याळात बसलं नाही.

काकवी संपली.
चालते. चालते. वळते.

बेरीज : एकोणसाठ. साठाला पास.
एका गुणानं काय बिघडतं,
ओंडक्याचा एक तरी द्यायलाच हवा,
असं म्हणत मी नवाला खोडायला पेन टेकवलं.

"बाई," तो कुंपणाला रेलून, हळूच,
"म्हाईत हाय मला काय करताय. नका करू.
पास केलंसा तर सायेब फाईल बांदून ठेवत्यात
फुडच्या साला पातूर.
माझं थोरलं नापास झालं, तवा मास्तर घरी आलं हुतं.
पास झालेल्याच्या घरी कोण येतंय?"

एकोणसाठ तसेच राहिले.
शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं :
फेरतपासणी, एक महिन्यानं. मी स्वतः.

सही होईतो तो ओंडका धुवायला निघालाही होता,
भोकात बोट घालून बघत, स्वतःशीच :
"बारकी पाडाय पायजेत.
लई लवकर संपतंय."