रुमालाखाली

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या तिसऱ्या दिवशी,
तापीकाठी मांडव घातला होता
आणि फ्लेक्सवर त्यांच्या देशाचं नाव
शहाद्याच्या छपाईवाल्याने फोडलं होतं:
किर्गि, मग बरीच मोकळी जागा, मग स्तान.
पाहुण्यांना ते वाचता येत नव्हतं.
मी वाचलं, आणि गप्प बसलो.

मी म्हणजे देवरे कंपाउंडरचा मुलगा.
बिश्केकला डॉक्टर व्हायला गेलो,
पाच सेमिस्टरांत परत आलो.
गावात अजून डॉक्टरच म्हणतात, मीही थांबवत नाही.
रशियन मोडकी, किर्गिझ त्याहून मोडकी,
घरमालकीण भांडी आपटत शिकवायची तेवढी.
पण जिल्ह्यात दुसरं कोणी नव्हतं.

साहेब माइकवर म्हणाले,
दोन प्राचीन संस्कृतींमधला हा सेतू.
मला जो शब्द आठवला तो साधा पुलाचा.
तालांतबेक, दूतावासातला, डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी,
मागे वळून तापीवरच्या पुलाकडे बघत राहिला
आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

सह्या झाल्या. अश्वसंवर्धन, लोककला
आणि परस्पर सद्भाव. शेवटचं मी गाळलं.
त्यांनी नमदा दिला, आपण शाल आणि नारळ.
नारळ त्याने कानाशी नेऊन हलवला,
आत पाणी ऐकून
पहिल्यांदा हसला.

जेवताना कळण्याची भाकरी, ठेचा.
मुर्च, तो म्हणाला, आणि डोळे पुसले.
मिरची, शेजारून हिलाल आप्पा म्हणाले.
मी घास तोंडातच ठेवून दोघांकडे बघितलं.

आप्पांची घोडी शेवंता: पंचकल्याणी, रेवाळ चालीची,
पाठीवर भरलेलं पाणीही न सांडणारी,
असं आप्पा सांगतात.
तालांतबेकने आधी तिचे दात पाहिले, मग खूर,
मग मला हळूच विचारलं:
हिलाल? म्हणजे आमच्यातले?
मी आप्पांना विचारलं.
'त्याले सांग, चांद कोन्हा बापना शे का?'
हे वाक्य मी जपून पोचवलं.
दिवसभरात धड पोचवलेलं तेवढं एकच.

घोडी देशाबाहेर जाणार नव्हती.
रक्ताच्या तपासण्या, विलगीकरण, सतरा कागद,
हे त्यालाही माहीत, आप्पांनाही.
तरी आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढून
मनगटावर टाकला आणि हात पुढे केला.
आमच्याकडे हे कोटाच्या बाहीत चालायचं, तो म्हणाला,
आजोबांच्या वेळी.
आणि त्याचा हात आत गेला.

रुमाल थोडा हलला. थांबला. पुन्हा हलला.
साहेबांची गाडी हॉर्न देत होती,
कुणाचं तरी शिंगरू दोर तोडून पळालं होतं,
आणि मी दोन्ही भाषा तोंडात धरून उभा,
कुणालाच नको असलेला.
आप्पांचा चेहरा एकदा बदलला.
का, ते मला दिसलं नाही.

गाड्या गेल्यावर विचारलं, 'कितलामा ठरनं?'
'ठरनं काय? त्यानं मधलं बोट अर्धंच शे.
कसं गयं, मी इचारं. दोरमा गयं, त्यानी सांगं.'
'कसं सांगं? त्याले आपली भाषा कुठं येस?'
'दाबीसन,' आप्पा म्हणाले,
आणि शेवंतापुढे हरभऱ्याचं भूस टाकायला लागले.

कराराची फाईल नंदुरबारला कुठल्या तरी कपाटात असेल.
अश्वसंवर्धनाचं काही झालं नाही,
लोककलेचं एक पथक येणार होतं, तेही नाही.
पण दर मार्गशीर्षात माझ्या फोनवर
बर्फाचा एक फोटो येतो, खाली एकच शब्द: शेवंता?

यंदा ती व्याली. मी आप्पांकडे गेलो,
म्हटलं, काय कळवू?
'त्याले सांग,' आप्पा म्हणाले, आणि अडकले.
मग माझा हात ओढून रुमालाखाली घेतला,
मधलं बोट धरलं,
दुसऱ्या पेरापाशी दाबलं, बराच वेळ.
'हाई लिखी दे.'

फोन माझ्या दुसऱ्या हातात होता.