देठातला धागा

दॉ सान न्युन पाच-सहा देठ एकत्र धरते,
सुरीने भोवती नुसतं कोरते, कापत नाही.
मग कटकन मोडून हलकेच ओढते
आणि दोन तुकड्यांच्या मध्ये
काहीतरी उरतं.
दिसतं म्हणावं तर दिसत नाही,
नाही म्हणावं तर ओल्या फळीवर
तिच्या तळव्याखाली वळतंय.

इन्ले तळ्यात खांबांवरचं घर.
खालून होडी गेली की माग जरासा डुलतो.
मी भाची, तौंजीच्या कॉलेजात पेशी शिकते.
सुट्टीत मायक्रोस्कोप आणलाय, जुना, आरशाचा,
कारण वीज इथे पाहुणीसारखी येते.

"बघ ना, मावशी."
तिने चष्मा कपाळावर चढवला,
आधी स्वतःच्याच पापण्या पाहिल्या,
मग बराच वेळ गप्प.
"स्प्रिंग आहे ही. को लातच्या इंजिनात असते तसली."

मी सांगत सुटले:
ही पाणी चढवणारी पेशी.
भिंतीला आतून वळसे घालून घेते,
ओढ बसली तरी नळी चपटू नये म्हणून.
मग स्वतःचंच पोट पचवते,
तळ आणि झाकण विरघळवते,
आणि मरते.
मेल्यावर कामाला लागते.

इथे जीभ अडली.
चीवर विहारात जायचं होतं,
आणि रेशमाला तिने जन्मभर हात लावला नाही,
किडे उकळतात म्हणून.

फळीवरचं पाणी तिने निपटलं.
"मारलं कुणी?"
"कुणी नाही. आपणहून."
"आणि शेजारच्या?"
त्या जिवंत, म्हटलं. वर पानात तर
रक्षक पेशींच्या जोड्या, ओठांसारख्या,
पाण्याने फुगल्या की उघडतात.
कमळाला त्या पानाच्या वरच्या अंगालाच,
खाली काय, तळंच टेकलेलं.
तिथून वाफ सुटते, म्हणून इथून पाणी चढतं.

"म्हणजे ही रिकामी झाली म्हणून त्यांचं भागतं."
"हो."
"तुझ्या काकांचं तसं नाही," ती म्हणाली.
"ते नुसतेच रिकामे."

आतून खोकल्याचा आवाज आला.
आम्ही दोघी खाली बघून हसलो.

टोपली अजून अर्धी होती,
आणि देठ सुकला की धागा सुटत नाही.
मी सुरी घेतली. कोरलं, मोडलं, ओढलं.
तुटला.
तिने ओल्या अंगठ्याने सांधून दिला.

रात्री कंदिलाच्या उजेडात
तो सांधा शोधत बसले होते.