मिठाची अळी

साचा मी स्वतः कोरला, ॲल्युमिनियमच्या भंगारात,
धायरीच्या गाळ्यात, शिफ्ट सुटल्यावर.
दिवसभर पंपांचे सील ओततो,
रात्री अळ्या.
पाच इंच लांब, करंगळीएवढी जाड,
रंग पिकल्या करवंदाचा, त्यात चमकी,
तुळशीबागेतली वीस रुपयांची पुडी,
आणि मूठभर मीठ,
ज्याचा हिशोब शालन अजून मागते.

मीठ वजनासाठी, मी सांगतो.
मग शिसं का नाही लावत?
शिसं दगडासारखं जातं. मीठ असं,
आणि पंजा आडवा धरून हळूहळू खाली आणतो,
थांबत, थोडा डुलत.
ती बघते. म्हणते,
खोबऱ्याच्या पातेल्यात परत वितळवलंस ना, तर बघ.

हिला डोळे नाहीत, पाय नाहीत, शेपूट नाही.
बाकीची आमिषं पोहतात, फडफडतात,
बेडकाची सोंगं घेऊन पाण्यावर उड्या मारतात.
हिला एकच येतं, पडणं.
गळ मधोमध टोचायचा,
दोन्ही टोकं लोंबतात
आणि खाली जाता जाता थरथरतात,
थंडीत कुडकुडणाऱ्याच्या हातांसारखी.
माणसानं मध्ये काही करायचं नाही.
दोन वर्षं मला हेच जमलं नाही.
रीळ फिरवायचो, रॉड हलवायचो,
सीलसुद्धा थंड होण्याआधी साच्यातून उपटणारा मी.

भाद्रपदातला रविवार. मांडवीच्या पुढे
धरण तुडुंब, गवत गळ्यापर्यंत पाण्यात,
खाली कुणाच्या तरी शेताचे बांध.
लहानू मल्लाव थर्माकोलच्या तराफ्यावर
जाळ्यातला गुंता सोडवत बसलेला.
रबार खाईल व्हय मरळ?
जित्या बेडकाला नाक मुरडती ती.

गवताच्या फटीत पाणी तांबूस शहारलं,
मसूर उकळावी तसं, ताटाएवढ्या जागेत.
मला वाटलं, मासळी खेळतेय.
अळी पलीकडे टाकली. दोरा सैल सोडला.
एक, दोन, तीन...
सातव्या आकड्याला एक टिटवी ओरडून गेली.
हात आवरला.
अकराव्या आकड्याला दोरा बाजूला चालू लागला,
न ओढता, सावकाश,
कुणीतरी दारातली चप्पल उचलून
बाहेर ठेवायला निघावं तसा.

मग रॉड वाकला. मग काय झालं ते
नीट सांगता येणार नाही.
गुडघाभर चिखलात होतो, चष्मा गेला होता,
आणि हातात काळी, जाडजूड, तीन किलोची मरळ,
जबड्यात माझी अळी दुमडलेली.

लहानू तराफा वल्हवत आला. मासा बघितला,
मग त्या तांबूस पाण्याकडे बघितलं.
पोटासाठी न्हाई चावली, म्हणाला, पोटच्यांसाठी.
पिल्लं हायेत ती. ही आई असंल, न्हाईतर बाप.
दोघंबी राखत्यात.

तेवढ्यात ताटाच्या कडेला चिलापी जमल्या होत्या.
एक टिपका कमी. आणखी एक.
पक्कड सापडेना. गळ बोटांनीच काढला,
अंगठा फाटला.
पाण्यात धरली तर क्षणभर हलली नाही,
मग मनगटावर शेपटीचा फटका,
आणि तिकडे चिलापी फुटल्या.

मला दिली असती की, लहानू म्हणाला.
आठशे रुपयं पाण्यात घातलं.
त्याचंही खरं होतं. जाळं त्याचं रिकामं होतं.
मी त्याला चहा विचारला. नको म्हणाला.

रात्री फाटकी अळी काढली.
फेकली असती तर पन्नास वर्षं
कुठल्या तरी गाळात पडून राहिली असती.
गॅस बारीक केला. आधी टोकं लवली,
मग रंग सुटला, चमकी तरंगली.
दातांच्या खुणा सगळ्यात शेवटी गेल्या.
वासाने शालन उठून दारात आली.
पातेलं तिने ओळखलंच.